आयोडीन उतरेपर्यंत

बनशंकरी, बंगलोर
१२ नोव्हेंबर १९९५

ताई, तुला आणि दाजींना नमस्कार.

काल हॉस्पिटलातून घरी आले. आधी सिद्धीचं कळव. रात्री रडते का? तीन वर्षांची झाली तरी माझ्या कानाची पाळी धरल्याशिवाय तिला झोप लागत नाही, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. स्टेशनावर तू तिला कडेवर घेतलंस तेव्हा मला धड हातसुद्धा हलवता आला नाही. कॅन्सरच्या गाठीसकट थायरॉइड काढल्यावर महिनाभर गोळ्या देत नाहीत, म्हणजे मागे राहिलेल्या पेशी आयोडीनला हपापतात. त्या महिन्यात माझं तोंड सुजलं, आवाज घोगरा झाला, जिना चढायला खालच्या ललिताक्कांचा हात लागायचा. उल्हासची फॅक्टरीतली शिफ्ट कधी चुकत नाही. तू सोलापूरहून धावत आली नसतीस तर पोरीचं काय केलं असतं, कोण जाणे.

आता गंमत ऐक. नऊ वर्षं मी कॉलेजात पी.यू.सी.च्या, म्हणजे तुमच्याकडच्या अकरावी-बारावीच्या, मुलींना केंद्रकीय रसायन शिकवते, आणि किरणोत्साराला उदाहरण दरवर्षी तेच देते: आयोडीन-१३१. मंगळवारी ते उदाहरण मी नळीने प्यायले. शिशाच्या जाड भांड्यात एवढीशी बाटली, आत पाण्यासारखं पाणी. हॉस्पिटलातले फिजिसिस्ट श्रीकंठय्या दाराबाहेरून म्हणाले, "मॅडम, स्वल्प लवकर." मिठातलं आयोडीन आणि हे, यातला फरक शरीराला कळत नाही. बाहेरची इलेक्ट्रॉनं तीच, म्हणून पेशी आपलं समजून आत ओढून घेते. फरक केंद्रकात असतो. तिथून बीटा कण सुटतो आणि त्याच पेशीला मारतो. बरोबर गॅमा किरण निघतात, ते अंगाबाहेरही येतात, म्हणून मला खोलीत एकटीला ठेवलं होतं.

काळजीचं कारण नाही. दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं. लहान मुलांपासून तीन आठवडे लांब राहा म्हणालेत. महिना संपला की सिद्धीला न्यायला येऊ.

तुझी नयना


सोलापूर
२३ नोव्हेंबर १९९५

चि. नयनास आशीर्वाद.

सिद्धी मजेत आहे. दोन रात्री रडली, आता नाही. कानाची पाळी माझी चालते तिला. सकाळी दुधात भाकरी कुस्करून खाते आणि ह्यांच्या खांद्यावर बसून दुकानात जाते. तिथे चादरींच्या गठ्ठ्यावर चढून गिऱ्हाइकांना "या बसा" म्हणते. गल्लीतल्या बायका म्हणतात, प्रतिमाच्या घरात एवढ्या वर्षांनी पोराचा आवाज आला.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आई गेल्यावर माझं पुस्तक मॅट्रिकलाच मिटलं, तुला ठाऊक आहे. आठ दिवसांत निम्मं होतं लिहिलंस. मग पुढच्या आठ दिवसांत राहिलेलं निम्मं जाऊन संपायला हवं की. पण शेजारच्या गोजराबाई म्हणतात, निम्म्याचं निम्मं होत राहतं, ते कधी संपतच नाही. रशियात ती भट्टी फुटली, तिथे अजून माणूस राहत नाही म्हणे. मग तुझ्या अंगातलं कसं जाईल गं? माझा जीव थाऱ्यावर नाही. लेकराच्या जिवाशी खेळ नको. संक्रांतीपर्यंत राहू दे तिला इथे.

तुझी ताई


बनशंकरी
२ डिसेंबर १९९५

ताई,

गोजराबाईंना आमच्या कॉलेजात घ्यायला हवं! त्यांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त त्याची भीती वाटून घ्यायचं कारण नाही.

नागपंचमीला आई ज्वारीच्या लाह्या भाजायची, आठवतं? कुठला दाणा कधी फुटेल ते आईलाही सांगता यायचं नाही, पण मूठभर दाण्यांतले निम्मे केव्हा फुटून होतील हे तिला बघताक्षणी कळायचं. केंद्रकांचं तसंच. एकेकाचा भरवसा नाही, सगळ्यांचा मिळून पक्का हिशेब. आणि त्यांना म्हातारपण नसतं. जे उरलं ते कालच्याइतकंच ताजं, म्हणून उरलेल्याला पुन्हा निम्मं व्हायला तेवढेच आठ दिवस लागतात. रुपया धर. आठ दिवसांत आठ आणे, मग चार आणे, दोन आणे, एक आणा. असं दहा वेळा झालं की हजारातला एक भागही उरत नाही. हे झालं नुसतं बाटलीत ठेवलं तर. माझ्या अंगातलं बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवीवाटे गेलं. जे फुटतं त्याचं झेनॉन होतं. तो बिचारा वायू कुणाच्या अध्यात ना मध्यात, श्वासातून निघून जातो.

रशियात जे अजून राहिलंय त्यात सीझियम आहे, त्याला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. प्रत्येकाचं अर्धायुष्य वेगळं. आणि हा काही गोवर नाही, ताई. ज्याच्यावर किरण पडतात तो स्वतः किरण सोडायला लागत नाही.

परवा श्रीकंठय्यांनी किरण मोजायचं मीटर लावून बघितलं. म्हणाले, "सरी, ठीक आहे मॅडम, आता मुलीला खुशाल कडेवर घ्या." मी त्या कॉरिडॉरमध्ये रडले.

उल्हास म्हणतो रजा मिळत नाही. तो हल्ली हॉलमध्ये झोपतो, माझ्या खोकल्याने झोपमोड होते म्हणून. मला अजून एवढा प्रवास झेपणार नाही, तर दाजींना सवड झाली तर ते आणून सोडतील का सिद्धीला? मी वाट बघते आहे.

तुझी नयना


सोलापूर
१९ डिसेंबर १९९५

चि. नयनास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. लाह्यांचं वाचून आईची आठवण आली. बाकीचं फारसं डोक्यात शिरलं नाही, खोटं कशाला बोलू. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले सहा महिने तरी सांभाळायला हवं. आता तू शहाणी की डॉक्टर, मी कुणाचं ऐकू?

सिद्धीला सर्दी आहे, थंडीत प्रवास नको. शिवाय बालवाडीत घातलंय तिला, घरी एकटी कंटाळते म्हणून. बाई म्हणतात हुशार आहे. ह्यांच्यामागे लग्नसराईची गर्दी आहे, त्यांना कुठली सवड.

एक सांगू का, दुकानावर फोन करत जाऊ नकोस. तुझा आवाज ऐकला की दिवसभर किरकिर करते. तू आधी चांगली बरी हो. पोर काही परक्याच्या घरी नाही.

तुझी ताई


बनशंकरी
४ जानेवारी १९९६

ताई,

कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं? सहा महिने म्हणतात ते दुसऱ्या बाळंतपणासाठी. तोवर दिवस राहू देऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. असलेल्या मुलीला जवळ घेण्याशी त्याचा काही संबंध नाही.

काल पुन्हा मोजलं. मीटर माझ्यावर धरलं आणि मग भिंतीवर. दोन्हीकडे सारखं. श्रीकंठय्या हसून म्हणाले, आमच्या बंगलोरचा ग्रॅनाइट तुमच्यापेक्षा जास्त देत असेल. खरंच आहे ते. दगडात थोडं युरेनियम, थोरियम असतंच. तुझ्या अंगात, सिद्धीच्या अंगात किरणोत्सारी पोटॅशियम आहे, जन्मापासून. आता मी तुमच्याइतकीच आहे, ताई, जास्त नाही.

बालवाडीचं मला आधी विचारायला हवं होतंस. उल्हासला सांगितलं तर तो म्हणाला, "घातलंय तर राहू दे हे वर्ष." मला त्याचं कळेनासं झालंय.

आता माझ्या अंगात ताकद आली आहे. संक्रांतीला उद्यान एक्स्प्रेसने मी येते. तिचे कपडे भरून ठेव.

नयना


बनशंकरी
१९ जानेवारी १९९६

प्रतिमा,

'ताई' लिहायला हात वळत नाही.

तू आत गुळाच्या पोळ्या लाटत होतीस, म्हणून अंगणात काय झालं ते तुला पुरतं ठाऊक नाही. सांगते.

सिद्धी ओट्यावर बसली होती. अंगावर नवा परकर, गळ्यात हलव्याचे दागिने. मी पोचायच्या आधीच तू माझ्या मुलीचं बोरन्हाण उरकून घेतलंस. तेही मी गिळलं. मी खाली बसून हात पसरले. ती दोन पावलं पुढे आली आणि थांबली. दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आईला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"का गं?"

"बाऊ होतो. हाताला भोकं पडतात."

"कोण म्हणालं असं?"

"आई."

"कुठली आई?"

तिने तुझ्या स्वयंपाकघराकडे बोट केलं.

मग माझ्याच्याने राहवलं नाही, मी तिला उचलली. तिची किंकाळी तू ऐकलीस, बाहेर आलीस, तिला माझ्याकडून घेतलंस. त्यानंतरचं तू बघितलं नाहीस. तू गोजराबाईंशी बोलत दारात उभी होतीस, तेव्हा ती मोरीत गेली आणि मी धरला होता तो दंड साबणाने घासायला लागली. कातडी लाल होईपर्यंत घासत होती. तिला ताप भरला म्हणून मी तिला ओढून आणली नाही. तुझ्यावर विश्वास ठेवून मागे ठेवलेली नाही.

स्टेशनावर सोडायला दाजी आले. गड्ड्याच्या यात्रेची गर्दी, रिक्षा मुंगीच्या पावलांनी चाललेली. स्टेशनावर गाडी लागल्यावर म्हणाले, "नयना, मला तोंड नाही. पण उल्हासरावांनीच डिसेंबरात दुकानावर फोन केला होता. म्हणाले, जूनपर्यंत राहू द्या, नयनाला मी समजावतो. तेव्हापासून प्रतिमाला बळ आलं."

घरी येऊन उल्हासला विचारलं. त्याने नाकारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "तू इंजिनिअर आहेस. मीटरचा आकडा तुझ्यासमोर वाचला होता." तो म्हणाला, "मला सगळं कळतं गं. पण तुझ्या ताटातलं उचलायला गेलो की हात मागे येतो. मग पोरीला कसं आणू?" खोकल्याचं खोटं होतं. तो मला भीत होता, आणि मी दोन महिने त्याच्यासाठी औषध घेऊन खोकला दाबत होते.

त्याची भीती मला समजते तरी. तुझं समजत नाही. एवढंच सांग. माझ्या पत्रांत तुला न कळण्यासारखं काय होतं? की कळलं होतं?

नयना


सोलापूर
१० फेब्रुवारी १९९६

नयना,

कळलं होतं. तुझ्या पहिल्याच पत्रात कळलं होतं.

गोजराबाई अंगठा उठवते, तिला काय निम्मं नि पाव. ते निम्म्याचं निम्मं मीच काढलं होतं आणि तिच्या तोंडी घातलं. डॉक्टरांना मी विचारलं होतं, ते म्हणाले, तीन आठवडे झाले ना, मग पाठवा बिनधास्त. ते मी तुला उलटं लिहिलं.

तू लाह्या काढल्यास, आणे काढलेस. वाचताना मनात यायचं, किती सोपं करून सांगते ही, मुलींना चांगलं शिकवत असेल. प्रत्येक पत्र पेटीत टाकताना वाटायचं, आता हिला संशय येणार. तुला आला नाही. ताईला कळत नाही, यावर तुझा पहिल्यापासून फार विश्वास. आई गेली तेव्हा गणितात मी वर्गात पहिली होते. घरात एकीनेच राहायचं होतं, मी राहिले. त्याचं मला काही नाही. पण तू कधी विचारलंसही नाहीस.

माझी तीन बाळं पोटातच गेली. चौथ्या वेळी डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं. मग तू तुझी पोर स्टेशनावर माझ्या हातात दिलीस. तिला घेऊन गाडीत बसले तेव्हा समोरच्या बाईने विचारलं, "तुमची का?" मी हो म्हणाले. तिथूनच सुरुवात झाली.

बाऊचं मीच म्हणाले. एकदा संध्याकाळी आईकडे जायचं म्हणून हट्टाला पेटली, काही केल्या ऐकेना, तेव्हा तोंडातून गेलं. ती लगेच गप्प झाली. इतकी गप्प झाली की मलाच भीती वाटली. तरी मी ते पुन्हा वापरलं. साबणाचं मी शिकवलं नाही, देवाशपथ.

सुट्टी लागली की ये. मी अडवणार नाही. हे माझ्याशी बोलत नाहीत.

प्रतिमा


सोलापूर
८ जुलै १९९६

नयना,

तू तिला घेऊन गेल्याला महिना होऊन गेला. पत्र नाही. मी लिहिणार नव्हते, राहवलं नाही.

सुट्टीभर तू तुझ्या मैत्रिणीच्या, अंजलीच्या आईकडे राहिलीस, माझ्याकडे पाणीसुद्धा घेतलं नाहीस. रोज सकाळी येऊन ओट्यावर बसायचीस आणि ऊन चढलं की जायचीस. तिला हाक मारायची नाहीस, माझ्याकडे बघायची नाहीस. मला वाटलं, ही थकेल. आणि एक दिवस मी देवळातून परत आले तर पोर तुझ्या मांडीवर. काय झालं होतं ते मला कुणी सांगितलं नाही. तेवढं सांगशील का?

दिवाळीला तिला चार दिवस पाठव. हे न्यायला येतील. पाया पडते.

प्रतिमा


बनशंकरी
२९ जुलै १९९६

प्रतिमा,

तू विचारलंस म्हणून सांगते.

तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. लंगडत अंगणात आली. आधी तुला हाका मारल्या, मग दाजींना. कुणीच नव्हतं. माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहून रडायला लागली. मी हात मांडीवरच ठेवले. तिला म्हटलं, "मी काढू? की मावशी येईपर्यंत थांबायचं?" तिने बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "तू हात लावलास की आणखी बाऊ होईल?" मी म्हटलं, "काटा निघताना होईल थोडा. माझ्यामुळे नाही." ती बसली, पाय पुढे केला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. काटा निघाला. मग तिने डोळे उघडले, तळवा उलटासुलटा करून बघितला, दंड बघितला. भोकं नव्हती. माझ्या हाताला बोट लावलं आणि काढून घेतलं. पुन्हा लावलं. असं किती वेळ चाललं होतं, मला सांगता येणार नाही. मी हललेसुद्धा नाही.

ती आता माझ्याजवळ झोपते. अजून मधूनच, मी जेवू घालत असताना, माझ्या बोटांकडे बघून थबकते. मग घास घेते. तेवढं थबकणं तू तिला दिलेलं आहे. आयोडीन कधी संपेल ते मला फळ्यावर मांडता येत होतं. हे मला मांडता येत नाही.

गणितात तू पहिली होतीस हे मी खरंच विसरले होते. तुला अडाणी समजून मी सोपं करत बसले, ती माझी चूक, आणि ती मला लागली आहे. पण माझ्या चुकीची शिक्षा तू माझ्या मुलीला दिलीस.

उल्हासला मी सोडलेलं नाही. त्याने माफी मागितली, तो आता माझ्या ताटातलं मुद्दाम उचलून खातो. त्याला पलंग दिला आहे. हॉलमध्ये मी आणि सिद्धी झोपतो. पुढचं माहीत नाही.

दिवाळीला मी तिला पाठवणार नाही. दाजींना पाठवू नकोस, त्यांना नाही म्हणायला मला जड जाईल. तुला भेटायचं असेल तर तू इथे ये. दार उघडीन, जेवायला वाढीन, तिच्याशी खेळ, तिला गोष्टी सांग. पण मी त्याच खोलीत बसून असेन. तिला तुझ्याकडे एकटीला मी पुन्हा कधी ठेवणार नाही, एक रात्रही नाही.

ती रोज विचारते, "मावशी कधी येणार?" तुझी भीती घालणं एका वाक्याचं काम होतं. तू दाखवलंस ते किती सोपं असतं. बऱ्याचदा ते वाक्य माझ्या ओठांवर आलं. मी म्हणते, "येईल." तुझ्यासाठी नाही म्हणत. तिला आणखी एका माणसाला भ्यायला लावायचं नाही, म्हणून.

सिद्धीची आई